न बघता घेतलेला चार्ज

हा फ्रिजवर चिकटवलेला कागद तुमचाच ना? पाणी प्यायला उठलो तेव्हा वाचला मी. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे, मध्ये पट्टीनं मारलेली रेघ. सूनबाई, हे तुझंच काम दिसतंय, कारण आमच्या भाचेबुवांची रेघ आयुष्यात कधी सरळ आलेली नाही. शहराच्या अगदी मध्यात भाड्यानं घर. ऑफिस पायी, बाजार जिन्याखाली, रात्री उशीर झाला तरी रस्त्यावर माणसं. आणि तोट्यांत काय, तर भाडं, गोंगाट आणि गाडी लावायला जागा नाही. बस? एवढंच सुचलं दोघांना मिळून?

नाही नाही, मी मोडता घालत नाही. घ्या की घर. फक्त एक गोष्ट ऐका आणि मग काय ती सही करा. आणि तो वरचा दिवा बंद कर रे, डोळ्यांवर येतो. हं, आता बसा.

ही आमच्या वॉर्डातल्या ब्रदरची गोष्ट. हॉस्पिटलात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात आणि माझ्यासारख्या स्ट्रेचर ढकलणाऱ्याला मामा. तीस वर्षं अख्ख्या वॉर्डाचा मामा होतो मी, तुझा एकट्याचा नव्हे. हा ब्रदर माझ्याबरोबर नऊ वर्षं होता. कामाला वाघ, पण तोंडानं फटकळ, त्यामुळे मेट्रनबाई कायम त्याच्यावर खार खाऊन. थापा मारणं त्याला जमायचंच नाही. रजेसाठी आजारी पडायचं नाटकसुद्धा धड करता यायचं नाही त्याला.

तो राहायचा शहराच्या पार टोकाला. दोन बस बदलायच्या, मग वीस मिनिटं चालायचं. जायला दोन तास, यायला दोन तास. घरी बायको, ती फोनवरून लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी घरात बसून करायची, आणि सहा वर्षांची मुलगी. ठकी म्हणायचे तिला. ब्रदर निघायचा तेव्हा ठकी झोपलेली, आणि ती शाळेतून यायची तेव्हा हा नाइट करून झोपलेला. एकदा शाळेत घराचं चित्र काढायला सांगितलं. ठकीनं आई उभी काढली, स्वतःला उभी काढली आणि बाप काढला आडवा, डोळे मिटलेला. बाईंनी विचारलं, "बाबांना बरं नाही का गं?" तर म्हणाली, "नाही, बाबा असेच असतात."

वॉर्डात आम्ही पोट धरून हसलो. तो नाही हसला. त्याच आठवड्यात त्यानं हॉस्पिटलच्या जवळ घर शोधायला सुरुवात केली.

त्याची बायको तुझ्यासारखीच, सूनबाई. एजंटनं फोनवर एका घराची माहिती दिली, तर तिनं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि काळ्या स्केचपेननं दोन रकाने पाडले. फायदे: हॉस्पिटल नऊ मिनिटं. शाळा समोर. औषधाचं दुकान खाली. बाप रात्री जेवायला घरी. ही शेवटची ओळ तिनं दोनदा अधोरेखित केली होती. तोटे: भाडं म्हणजे पगाराला भगदाड. लिफ्ट नाही. मागच्या खोलीत ऊन नाही. रस्त्याचा आवाज. मी म्हटलं, "अगदी माझ्या मनातलं लिहिलंय, घ्या घर." मीच म्हटलं, हे लक्षात ठेवा.

घर बघून किल्ली आणायला ब्रदर गेला तो शुक्रवार होता. नाइट संपवून, तोंडावर पाणी मारून, चहासुद्धा न घेता गेला. एजंट खाली पानाच्या टपरीशी उभाच होता. तिसरा मजला. खाली कपड्यांची दुकानं, पहिल्या मजल्यावर दातांचा डॉक्टर, दुसऱ्यावर एक म्हातारा शिंपी आणि त्याची दोन मशिनं. सकाळचे अकरा वाजलेले. पुढच्या खोलीत ऊन, खिडकीखाली बाजार नुसता फुललेला. मागची खोली जरा अंधारी होती, पण शांत. त्या खोलीत एक लोखंडी पलंग होता.

ब्रदरनं बघताक्षणी ओळखला. पायथ्याशी दांडा, तो फिरवला की डोक्याकडची बाजू वर होते. आमच्या वॉर्डात असे तीस पलंग आहेत. त्यानं विचारलं, "इथं कोणी आजारी होतं का?"

एजंट हसला. "साहेब, कुठल्या घरात नसतं? मालकाच्या वडिलांचा आहे. दारातून निघत नाही, राहू दे. पोरीला झोपायला होईल."

ब्रदरच्या डोळ्यांवर झोप होती. मागे आणखी दोन गिऱ्हाइकं आहेत म्हणून एजंट घाई करत होता. त्यानं उभ्या उभ्या भिंतीवर कागद धरून सही केली. रात्री एकदा येऊन बघू, शेजाऱ्यांना विचारू, असं काही नाही. बारा मिनिटांत घर झालं.

पहिले दोन आठवडे म्हणाल तर दृष्ट लागावी असे गेले. बाप रात्री आठला ड्युटी सोडायचा आणि सव्वाआठला ताटावर. ठकी त्याच्या पाठीवर बसून घरभर फिरायची. तो पलंग तर तिचा जीव की प्राण. दांडा फिरवून डोकं वर, डोकं खाली, दिवसातून पन्नास वेळा. नवराबायको पुढच्या खोलीत गादी टाकून झोपायचे. झोप कसली म्हणा. रात्री एकपर्यंत बस, मग शटरं ओढल्याचा आवाज, मग समोरच्या दुकानाची पाटी छतावर लाल व्हायची, विझायची, पुन्हा लाल व्हायची. बायको म्हणायची, "मला दिवसभर लोक कानात ओरडतात, आणि रात्री हे." पण बोलायची हसत हसत. तो कॅलेंडरचा कागद तिनं पुढच्या खोलीतल्या कपाटाच्या दारावर चिकटवला होता. वर्षाचा करार संपला की भांडायला पुरावा हवा म्हणे.

तिसऱ्या आठवड्यात ते झालं.

सोमवारी रात्री ब्रदर नाइटला आला. सकाळी त्याच्या बदलीचा माणूस आलाच नाही. दुपारी पण नाही. आमच्यात एक नियम आहे, पुढचा माणूस येऊन चार्ज घेत नाही तोवर जागा सोडायची नाही. मग घरी लग्न असो की मयत. मंगळवारी रात्री आठला, चोवीस तासांनी, तो सुटला. ताटावर बसल्या बसल्या डुलक्या खात होता. दहाला आडवा झाला तो लाकडासारखा.

आता चार्ज म्हणजे काय ते नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ड्युटी बदलताना जुनी सिस्टर नवीन सिस्टरला पलंगापलंगापाशी नेते. हा पेशंट अमुक, याला हे द्यायचं, याची कूस दर दोन तासांनी बदलायची. नवीन सिस्टर पेशंटला डोळ्यांनी बघते, हात लावून बघते आणि मग म्हणते, "घेतला चार्ज." तो शब्द गेला की पेशंट तिचा. पेशंट बघितल्याशिवाय चार्ज घ्यायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात.

बुधवार लागला होता. रात्रीचे दोन वाजून सात मिनिटं. त्याच्या उशाशी रबरी चपलांचा आवाज आला. सावकाश, पाय ओढत. मग एक बाईचा आवाज, फार थकलेला.

"बेड एक. वय एक्क्याऐंशी. उजवी बाजू लुळी. दर दोन तासांनी कूस. पाणी चमच्यानं. पाठीवर लाल चट्टा आहे, लक्ष ठेवा... चार्ज घेता?"

ब्रदर अर्धवट झोपेत. आपण घरी आहोत की वॉर्डात, शुद्ध नाही.

"ब्रदर... चार्ज घेता?"

आणि उशीवरून डोकंसुद्धा न उचलता तो म्हणाला, "घेतला."

चपला दाराकडे गेल्या. मग काही नाही.

बाईचा आवाज बायकोनं ऐकला नाही. पण नवरा अंधारात "घेतला" म्हणाला, ते तिनं ऐकलं. सकाळी तिनं चेष्टाही केली, "झोपेत काय खरेदी चालली होती?" तो हसला. मग कपाटाकडे बघून तिचा आवाज चढला. "आणि हे काय? माझ्या कागदावर तुझ्या ड्युटीचं कशाला लिहून ठेवलंस?"

तोट्यांच्या रकान्यात, रस्त्याचा आवाज या ओळीच्या खाली, तीन ओळी होत्या. निळ्या शाईच्या. अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं.

१२.०० कूस बदलली.
२.०० कूस बदलली.
४.०० कूस बदलली. आराम.

घरात शाईचं पेन नव्हतं. ब्रदरचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तो मागच्या खोलीत गेला. ठकी झोपेत घड्याळाच्या काट्यासारखी पलंगभर फिरणारी पोरगी. ती डाव्या कुशीवर सरळ झोपली होती. पाठीला उशी लावलेली, दोन गुडघ्यांच्या मध्ये घडी केलेला टॉवेल. वॉर्डात आम्ही झोपवतो तसं, अगदी तस्सं.

गुरुवारी सकाळी त्याच तीन ओळी पुन्हा, पहिल्या तीन ओळींच्या खाली. ठकी शाळेत गेली नाही. पाय जड झालेत म्हणाली. शुक्रवारी पहाटे तिनं हाक मारली. मोठ्यानं नाही.

"बाबा, मला कूस वळवत नाही."

ब्रदर तेव्हा खरा घाबरला. त्यानं तिला उचललं, आणि खाली ठेवलं... पुन्हा उचललं. मला त्यानं नंतर सांगितलं, "मामा, मला वाटलं माझ्याच हातातलं बळ गेलं."

शनिवारी ठकीला आमच्याकडे भरती केलं. सगळ्या तपासण्या केल्या, रक्त, पाठीचा कणा, डोक्याचे फोटो. मोठे डॉक्टर दोनदा येऊन गेले. सगळे रिपोर्ट चांगले. पोरगी मात्र जशी ठेवाल तशी पडून. आणि आता मी सांगतो ते माझ्या हातांनी केलेलं आहे, कोणाकडून ऐकलेलं नाही. रविवारी रात्री बाराला तिची कूस बदलायला मी गेलो. तीस वर्षं माणसं उचललीत मी, हाताला वजन कळतं. सहा वर्षांची, काडीसारखी पोर. माझ्याच्यानं ती एकट्यानं वळली नाही. सिस्टरला हाक मारावी लागली. दोघांनी मिळून... म्हाताऱ्या पुरुषाचं वजन होतं ते. सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं.

सोमवारी संध्याकाळी ब्रदर कपडे आणायला घरी गेला. शनिवारपासून घराला कुलूप. कपाटावरच्या कागदावर शनिवारच्या तीन ओळी होत्या, रविवारच्या तीन ओळी होत्या. तोट्यांचा रकाना खालपर्यंत भरत आला होता.

तो तसाच जिना उतरून शिंप्याकडे गेला. शिंपीकाका काजं करत बसले होते. ब्रदरनं विचारलं, "वरच्या घरात कोण होतं?"

काकांनी सुई बाजूला ठेवली. "तुम्ही घर घ्यायच्या आधी का नाही विचारलंत?"

"चुकलं माझं. आता सांगा."

मग काकांनी सांगितलं. मालकाचे वडील, अंगावरून वारं गेलेलं, दीड वर्ष त्या पलंगावर. मालक दुसऱ्या गावी. दोन सिस्टर ठेवल्या होत्या, एक दिवसाची, एक रात्रीची. दिवसाची एकाएकी यायची बंद झाली. रात्रीची बिचारी एकटीच दोन दिवस, दोन रात्री. खाली येऊन काकांच्या फोनवरून मालकाला सांगायची, माणूस पाठवा हो, माझे डोळे मिटतायत. मालक म्हणायचा, उद्या पाठवतो. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिची किंकाळी ऐकू आली. म्हातारा गेला होता. उशीत तोंड खुपसलेलं.

"तिला कोणी काही बोललं नाही," काका म्हणाले. "चार वाजेपर्यंतचं सगळं तिनं वहीत लिहिलेलं होतं. मालकानं वही बघितली, डॉक्टरांनी बघितली. चारला आराम होता, मग झोपेत गेले, असं ठरलं. तरी पण ती बाई पुढे वर्षभर यायची. वर नाही. समोरच्या फुटपाथवर उभी राहून खिडकीकडे बघायची. मग दिसली नाही. कोण म्हणतं गावी गेली, कोण म्हणतं वारली."

ब्रदरनं बायकोला फोन केला. "मी आज रात्री घरीच थांबतो. तू आणि मामा तिच्यापाशी थांबा. तिला एकटीला सोडू नका." का, म्हणून ती विचारत राहिली. त्यानं सांगितलं नाही. सांगणार तरी काय? चूक त्याची होती. त्यानं पेशंट न बघता चार्ज घेतला होता, आणि त्या पलंगावर त्याची पोर झोपत होती.

सोमवारची रात्र. त्यानं खुर्ची कपाटासमोर घेतली. दिवा लावून बसला. बाराला खाली कुणीतरी शटर ओढलं, दाणकन. त्याची मान तिकडे वळली, क्षणभरच. पुन्हा बघितलं तर पहिली ओळ आलेली. १२.०० कूस बदलली.

एक वाजला. शेवटची बस गेली. छत लाल झालं, विझलं, लाल झालं. तो उठला, पाणी प्यायला, बसला. पुन्हा उठला. खिडकी लावली. घुसमटलं म्हणून उघडली. हॉस्पिटलात फोन केला. मी उचलला. "आहे तशीच आहे रे," मी म्हटलं.

दोन वाजले. दिवा एकदा मिचकला.

कागदावर दोनची ओळ होती. आणि तिच्याखाली आणखी एक.

४.०० कूस बदलली. आराम.

ब्रदरनं मोबाइल बघितला. दोन वाजून चार मिनिटं. कागदावर चार वाजलेले होते.

तुम्हाला कळलं नसेल. त्याला कळलं, एका क्षणात कळलं, कारण त्यानं स्वतः ते केलेलं होतं. वॉर्डात एकवीस पेशंट आणि माणूस एकटा असला की हात चालतात तेवढं चालतात, आणि मग दोनची नोंद करतानाच माणूस चारची पण करून टाकतो. तेवढीच पाठ टेकायला मिळते. आधीच्या सोमवारच्या त्या नाइटला ब्रदरनं तेच केलं होतं, तीन चार्टवर. मी शेजारी उभा होतो. मी बघितलं. मी काही बोललो नाही, उलट त्याला म्हटलं, "टेक जरा पाठ."

तेवढ्यात त्याच्या मागे श्वास ऐकू आला.

गादीवर. त्याच्याच गादीवर. गाढ झोपलेल्या माणसाचा श्वास. मेल्यासारखी दमलेली बाई घोरते ना, तसा. गादी रिकामी होती. चादरीवर एक सुरकुती नव्हती. पण श्वास चालू होता...

आणि मागच्या खोलीतून चमचा.

टक्. टक्. टक्.

स्टीलच्या पेल्यावर चमचा. ज्यांना हाक मारता येत नाही ते पेशंट असंच बोलावतात.

टक्. टक्.

ब्रदर दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभा राहिला. एका बाजूला झोपेचा श्वास. एका बाजूला चमचा. पलंगाचं लोखंड करकरलं. कोणीतरी वळायला बघत होतं. वळता येत नव्हतं.

टक्.

पाय उचलेनात. नऊ वर्षांची नोकरी, रोज मरण बघितलेला माणूस... पाय उचलेनात. किती वेळ गेला त्याला कळलं नाही. छत लाल. काळोख. लाल.

टक्...

मग तेही थांबलं.

इकडे वॉर्डात, त्याच वेळेला म्हणा, ठकीचा श्वास बारीक झाला. मी छातीवर हात ठेवला तर जाणवेना. सिस्टर डॉक्टरांना बोलवायला धावली. तिच्या आईनं माझं मनगट धरलं. नखं रुतली होती, इतकं घट्ट धरलं.

चमचा थांबला आणि ब्रदरला वाटलं, आपली पोर गेली. तो आत गेला. भीतीनं नाही गेला, भीती तशीच होती. तो बापाच्या पायांनी गेला.

पलंगावर काही दिसत नव्हतं. गादी मात्र दबलेली होती. लांब, माणसाएवढी. आठवड्यापूर्वी जे करायला हवं होतं ते त्यानं आता केलं. पलंगापाशी उभा राहिला. पेशंटला हात लावला.

थंड. हाडं. उशीत रुतलेलं तोंड.

त्यानं एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. वळवलं. त्याच्या ओळखीचं वजन होतं ते, ठकीला उचलताना लागलेलं. तोंड मोकळं केलं. डोळे मिटवले. हात सरळ केले. चादर ओढली, गळ्यापर्यंत नाही, पूर्ण.

मग पुढच्या खोलीत आला. श्वास थांबला होता. कोणीतरी जागं झालं होतं. जागं होऊन... ऐकत होतं.

"सिस्टर," तो म्हणाला. "मी पण लिहिलंय असं. माझे पेशंट वाचले, तुमचा गेला. एवढाच फरक आहे आपल्यात."



आमच्यात चुकलेली नोंद खोडायची नसते, रबरानं नाही, गिरगोटून नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला खरं लिहून सही करायची. त्यानं खिशातलं बॉलपेन काढलं. चारच्या ओळीवर एक रेघ मारली. त्याखाली लिहिलं, मृत्यू. वेळ... आणि थांबला. वेळ त्याला माहीत नव्हती. चमचा थांबला तेव्हा त्यानं घड्याळ बघितलं नव्हतं. अंदाजानं टाकता आली असती. त्यानं नाही टाकली. जागा कोरी सोडली आणि खाली सही केली.

मोठ्यानं म्हणाला, "पेशंट बघितला. चार्ज संपला."

घर गप्प. रस्ता गप्प. त्या रस्त्यावर रात्री कधीच शांतता नसते, पण तेव्हा होती. मग रबरी चपला वाजल्या. गादीपासून कपाटापर्यंत. पाय ओढत. कपाटापाशी थांबल्या...

ब्रदरनं डोळे मिटून घेतले. उघडे ठेवायची हिंमत नव्हती, ते त्यानं मला खरं सांगितलं.

फोन वाजला तेव्हा सव्वातीन होऊन गेले होते. मी केला होता. मला नीट बोलता येईना. डॉक्टर धावत आले, त्यांनी नळी लावायला हात पुढे केला, आणि ठकीनं कूस बदलली. आपली आपण. बदलता बदलता एक लाथ माझ्या पोटात, अशी बसली की दोन दिवस दुखत होतं. झोपेतच म्हणाली, "मामा, हात काढा ना, गुदगुल्या होतात." तिची आई खाली फरशीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मीही रडलो, लाज कसली त्यात.

आठवड्याच्या आत त्यांनी घर सोडलं. पुन्हा शहराच्या टोकाला, पुन्हा दोन बस. ठकी आता दहा वर्षांची आहे, अजून पलंगभर फिरते. ब्रदरनं त्यानंतर एकही नोंद वेळेआधी केली नाही. कितीही पेशंट असोत, पाय ओढत जातो, पेशंट बघतो, मग लिहितो. मेट्रनबाईंना अजून कळलेलं नाही की हा एवढा सुधारला कसा.

म्हणून सांगतो, मध्यात घर घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. फायदे खरेच आहेत, नऊ मिनिटांत घरी पोहोचणारा बाप हा काही लहान फायदा नाही. पण दिवसाढवळ्या एजंटच्या घाईत घेऊ नका. रात्री जा. दिवे बंद करून अर्धा तास बसा. खालच्या मजल्यावर विचारा, आधी कोण राहत होतं, कसे गेले. डोळ्यांनी बघा, हात लावून बघा, मग म्हणा घेतलं.

काय म्हणालास भाचेबुवा? पटत नाही? मला वाटलंच होतं.

ते माझं पाकीट दे इकडे. हा बघा तो कागद. घर सोडताना ब्रदरनं मला दिला, त्याला घरात नको होता आणि फाडायचं धाडस नव्हतं. लावा मोबाइलचा उजेड. हे काळं स्केचपेन त्याच्या बायकोचं. ही एक रेघ आणि ही सही ब्रदरची, बॉलपेनची. कोंबडीचे पाय, म्हटलं होतं ना?

आता त्यानं कोरी सोडलेली जागा बघा. फोन वाजला आणि त्यानं डोळे उघडले तेव्हा ती भरलेली होती. निळ्या शाईत, तेच कललेलं अक्षर. ३.१०. आणि त्याच्याखाली एक ओळ. सूनबाई, तू वाच, मला चष्म्याशिवाय दिसत नाही.

हो. "मी जागेवर नव्हते." तेवढंच आहे.

चार वर्षं झाली या गोष्टीला. कागद माझ्या पाकिटातून बाहेर निघत नाही. दे, घडी करून ठेवतो परत. हां हां, त्या ओळीवर बोट नको ठेवूस...

ठेवलंस का? बघू अंगठा. उजेडात धर.

नाही, पुसू नकोस, नुसत्या पाण्यानं जाते. अजून ओली आहे.